पारधी-विमुक्त वस्ती आणि सार्वजनिक ग्रंथालय: सोलापुरात काम सुरू करणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात डोंगरातले आदिवासी पाडे नाहीत, त्यामुळे 'आपल्याकडे आदिवासी कुठे आहेत?' असं ग्रंथालयांच्या बैठकांत सहज म्हटलं जातं. पण पारध्यांची पालं आणि वस्त्या जिल्ह्यात जागोजागी आहेत, शहराच्या आसपास बंजारा तांडे आहेत, आणि सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवण्याची जुनी वसाहत, हे नाव तर शहराच्या पत्त्यांतच आहे. या वस्त्यांतली किती माणसं आपल्या ग्रंथालयाची सभासद आहेत, हे आपलं रजिस्टर उघडून पाहा. हा लेख ते पाहिल्यावर काहीतरी करावंसं वाटणाऱ्या ग्रंथपालांसाठी, सेवकांसाठी आणि कार्यकारी मंडळातल्या सदस्यांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पुस्तकं वाटणं हा या कामाचा सोपा भाग आहे. कोणाचं नाव लिहायचं, काय रेकॉर्ड करायचं, कोणती पुस्तकं घ्यायची आणि पैसे कुठे खर्च करायचे, हे वस्तीनं ठरवायचं आणि ग्रंथालयानं मानायचं, हा अवघड भाग. तो जमला नाही तर बाकी सगळं सहा महिन्यांत बंद पडतं.

आधी कोण कोण आहे ते समजून घ्या

'आदिवासी आणि भटके' असा एकच गठ्ठा करू नका. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. राजपारधी आणि पालपारधी मात्र विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजी कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या आणि नंतर त्यातून सुटलेल्या जातींच्या, यादीत आहेत. बंजारा, कैकाडी, वडार, भामटा हेही विमुक्त जातींतच. गोंधळी, मसणजोगी, नंदीवाले, बहुरूपी, डोंबारी, घिसाडी भटक्या जमातींत. शेजारी-शेजारी राहणाऱ्या, एकच आडनाव लावणाऱ्या दोन कुटुंबांचे प्रवर्ग वेगळे असू शकतात. ग्रंथालयाच्या टेबलावरून चुकीच्या योजनेचा अर्ज हातात दिला गेला, तर त्या कुटुंबाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीचं नुकसान होतं आणि पुन्हा कोणी विचारायला येत नाही.

भाषांचंही तसंच. पारध्यांची बोली गुजराती-भिलीच्या जवळची, बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी वळणाची, वडारांची तेलुगूच्या जवळची आणि कैकाड्यांची तमिळशी नातं सांगणारी. सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड आणि तेलुगू रोज कानावर पडते, त्यामुळे वस्तीतलं पोर शाळेत जायच्या आधीच दोन-तीन भाषा बोलत असतं. 'या मुलांना भाषा येत नाही' हे वाक्य ग्रंथालयात कोणी उच्चारू नये. त्यांना पुस्तकातली मराठी अजून येत नाही, एवढंच खरं आहे.

रजिस्टरची भीती कुठून आली

हा भाग घाईनं वाचू नका, कारण निम्म्या चुका इथून सुरू होतात.

इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. ठरावीक जमातींत जन्मलेल्या माणसांची नावं सरकारदरबारी नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, परवानगीशिवाय हालचाल करायची नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली आणि तिथली माणसं गिरण्यांत कामाला जुंपली गेली. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून आजही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण संशय गेला नाही. कुठे चोरी झाली की आधी वस्तीत गाडी येते, हा अनुभव आजच्या तरुणांनाही आहे.

आता हाच वस्तीतला माणूस ग्रंथालयाच्या दारात उभा आहे असं समजा. आपण त्याला काय विचारतो? पूर्ण नाव, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता, आधार कार्ड, लाइट बिल, दोन फोटो, दोन सभासदांची शिफारस आणि अनामत. पालात राहणाऱ्याकडे लाइट बिल नसतं. कायमचा पत्ता नसतो. आणि नाव-पत्ता लिहून घेणाऱ्या वहीचा घरातल्या म्हाताऱ्यांचा अनुभव काय आहे ते वर आलंच. तो मुकाट्यानं परत जातो आणि आपण म्हणतो, यांना वाचनाची आवडच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती वस्तीत करायची नाही, आपल्या नियमांत करायची.

पहिलं काम: कार्यकारी मंडळाचा ठराव

ग्रंथालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त असेल तर तपासणी होते आणि कागद लागतात. ठरावाशिवाय केलेलं काम पुढचा पदाधिकारी एका वाक्यात बंद करू शकतो. ठरावात एवढ्या गोष्टी स्पष्ट हव्यात:

पारधी, विमुक्त आणि भटक्या वस्त्यांतल्या वाचकांना अनामत माफ. पत्त्याचा पुरावा म्हणून वस्तीतल्या समितीचं किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांचं साधं पत्र चालेल. व्यक्तीऐवजी कुटुंबाच्या नावे एक कार्ड देता येईल. हरवलेल्या किंवा फाटलेल्या पुस्तकाची वसुली होणार नाही. कोणाही वाचकाची माहिती लेखी कायदेशीर आदेशाशिवाय बाहेरच्या कोणालाही दिली जाणार नाही. वस्तीच्या कामासाठी वेगळी तरतूद असेल आणि ती वस्ती समितीच्या संमतीनं खर्च होईल.

शेवटून दुसरं कलम गाळू नका. एखाद्या दिवशी गणवेशातला माणूस येऊन 'ही पोरं कधी कधी येतात ते दाखवा' असं सहज म्हणू शकतो. टेबलावरच्या सेवकाला त्या वेळी धीर देणारा कागद हाच. ठरावाची प्रत टेबलाच्या खणात ठेवा आणि सेवकाला एकच वाक्य शिकवा: 'साहेब, लेखी आदेश द्या, मी ग्रंथपालांना आणि अध्यक्षांना कळवतो.'

देवघेवीची नोंद बेताची ठेवा. सभासद नोंदवही वेगळी आणि देवघेव वही वेगळी. वस्तीच्या देवघेव वहीत चारच रकाने: कार्ड क्रमांक, पुस्तकाचा दाखल अंक, नेल्याची तारीख, परतीची खूण. नाव नाही, जात नाही, मोबाइल नंबर नाही. संगणकावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परत आलेल्या पुस्तकांवरून वाचकाचं नाव पुसण्याची सोय त्यात आहे, ती सुरू करा. वार्षिक अहवालासाठी किती पुस्तकं गेली आणि किती आली हे आकडे या वहीतून निघतात. अंगठ्याचा ठसा कुठेही घेऊ नका, अगदी मानधनाच्या पावतीवरसुद्धा शक्यतो नको. सही येत नसेल तर त्याच कुटुंबातल्या शिकलेल्या मुलाची किंवा मुलीची साक्षीदार म्हणून सही चालते का, हे आपल्या लेखापरीक्षकांना आधीच विचारून ठेवा.

वस्तीत पहिल्यांदा जाताना

पहिल्या दोन-तीन भेटींत पुस्तकं नेऊ नका, बॅनर नेऊ नका आणि फोटो काढू नका. वाटपाचा कार्यक्रम करून निघून गेलेली माणसं वस्तीनं पुष्कळ पाहिली आहेत. तांड्यावर गेलात तर आधी नाईक आणि कारभारी यांना भेटा, तो रिवाज आहे. पारधी वस्तीत जाणत्या माणसांना भेटा. पण तिथेच थांबू नका. पंचांसमोर बायका बोलत नाहीत आणि मुलांना कोणी विचारत नाही. म्हणून बायकांशी वेगळं बोलायचं, आणि त्यासाठी ग्रंथालयातली एखादी बाई बरोबर हवी. दुपारी कोणी घरी नसतं. संध्याकाळी चुली पेटण्याच्या आधीचा तासभर बरा.

काय विचारायचं? 'तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत' हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण ज्यानं ग्रंथालय पाहिलंच नाही तो उत्तर काय देणार? 'पोरं शाळेत कुठे अडतात', 'कोणता कागद मिळवायला किती हेलपाटे पडले', 'पोलीस भरतीची तयारी कोण करतंय', 'म्हाताऱ्यांना येतं पण पोरांना येत नाही असं काय काय आहे', असं विचारा. उत्तरं तिथे लिहू नका, परत आल्यावर लिहा. समोर वही उघडली की बोलणं आटतं.

कामाचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बांधा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्चच्या पुढेमागे परततात. दगडकामाला, वीटभट्टीला जाणाऱ्यांचं चक्र वेगळं. नोव्हेंबरात उद्घाटन ठेवलं तर वस्तीत म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं एवढेच भेटतील. सुरुवातीला एप्रिल ते जून चांगला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती, आषाढीला पंढरपूर. या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका. कोणी बोलावलं तर मात्र जरूर जा.

समिती आणि पैसे

समिती पाच ते सात जणांची पुरे. त्यातले दोनच ग्रंथालयाचे, बाकी वस्तीतले. वस्तीतल्यांत निम्म्या तरी बायका आणि पंचविशीच्या आतलं एक जण. एका वस्तीत दोन समाज असतील तर दोन्हींमधलं कोणीतरी हवं, नाहीतर वस्तीत ठेवायची पुस्तकांची पेटी एकाच आळीची होते आणि दुसरी आळी तिच्याकडे पाहत नाही. समितीची बैठक वस्तीत घ्या. ग्रंथालयात घेतली तर रिक्षाचं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही द्या.

मानधनाबद्दल संकोच नको. बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला आपण प्रवासखर्च, शाल-श्रीफळ आणि पाकीट देतो. ओव्या सांगणाऱ्या आजीला मात्र चहा आणि गुलाबाचं फूल. हे अन्यायाचं आहे, दुसरा शब्द नाही. गोष्ट सांगणारी, गाणं म्हणणारी, भाषा तपासून देणारी, पेटी सांभाळणारी अशा प्रत्येकीला त्या हंगामातल्या एका दिवसाच्या मजुरीइतकं तरी मानधन द्या, आणि ते त्याच दिवशी हातात द्या. 'बिल मंजूर झाल्यावर' हे शब्द ऐकले की पुढच्या वेळी कोणी बसत नाही. म्हणून ग्रंथपालाच्या हाती छोटी अग्रिम रक्कम ठेवण्याची तरतूद वरच्या ठरावातच करून घ्या.

पेटी सांभाळायला वस्तीतलीच दहावी-बारावीपर्यंत शिकलेली मुलगी किंवा सून निवडा. तिला महिन्याचं ठरलेलं मानधन द्या आणि तिचं नाव ग्रंथालयाच्या फलकावर सेवकांच्या यादीत लावा.

पेटी

साधारण २४ इंच लांबीची पत्र्याची ट्रंक घ्या. यापेक्षा मोठी घेतली की भरल्यावर एकट्या बाईला उचलत नाही. कडी-कोयंडा हवा, तळाशी विटा किंवा लाकडी पाट. सोलापूरच्या उन्हात पत्रा तापतो आणि आतल्या पुस्तकांचा डिंक सुटतो, म्हणून पेटी सावलीतच ठेवा. पावसाळ्यात आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर आणि कापडात बांधलेला कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

पहिल्या पेटीत साठेक पातळ चित्रपुस्तकं आणि वीसेक जाड पुस्तकं बसतात. जाड पुस्तकांत पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची चालू वर्षाची पुस्तकं, शिकाऊ वाहन परवान्याच्या प्रश्नांचं पुस्तक, बाळंतपण आणि लहान मुलांच्या आजारांवर सोप्या भाषेतलं काहीतरी, आणि या समाजांतल्याच लेखकांची आत्मकथनं. मराठीत विमुक्त-भटक्या समाजांतल्या लेखकांनी लिहिलेली आत्मकथनं भरपूर आहेत. 'हे आपल्यातल्यानं लिहिलंय' हे कळल्यावर पुस्तक हातोहात फिरतं. पण ती पेटीत टाकण्याआधी समितीतल्या कोणाला तरी वाचायला द्या. काही पुस्तकांत वस्तीतल्या खऱ्या माणसांबद्दल, नात्यांबद्दल किंवा जातपंचायतीबद्दल असं लिहिलेलं असतं की त्यावरून घरात भांडणं लागतात. ठेवायचं की नाही ते समिती ठरवेल.

देणगीत आलेली जुनी पाठ्यपुस्तकं, पिवळे दिवाळी अंक, धार्मिक संस्थांनी फुकट वाटलेल्या पुस्तिका पेटीत भरू नका. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेले ग्रंथही सगळेच वस्तीला लागू पडत नाहीत. त्यातले समितीनं निवडावेत.

पेटी आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी उघडायची. दर दोन महिन्यांनी निम्मी पुस्तकं बदला. पाचातलं एक पुस्तक वर्षभरात फाटेल किंवा हरवेल असं धरूनच अंदाजपत्रक करा. फाटलेलं पुस्तक हे वाचल्याचं लक्षण आहे, कोरं करकरीत परत आलेल्या पुस्तकाची काळजी करा. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला आठ-दहा पातळ पुस्तकांची कापडी पिशवी द्या आणि परतीच्या खुणेच्या रकान्यात 'गावी आल्यावर' असं लिहा.

आपलं कपाट दुरुस्त करा

पेटी बाहेर जात असतानाच ग्रंथालयातल्या कपाटाकडेही पाहा. वस्तीतला मुलगा पहिल्यांदा आत आला आणि आपल्या समाजाचं पुस्तक शोधू लागला तर ते कुठे सापडतं? बऱ्याच ठिकाणी विमुक्त जमातींवरची पुस्तकं ड्युई दशांश वर्गीकरणात (विषयाप्रमाणे पुस्तकांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ३६४ खाली, म्हणजे गुन्हेगारीशास्त्रात ठेवलेली आढळतात. समाजाचा अभ्यास असेल तर पुस्तक ३०५.८ खाली, लोककथा-गाणी असतील तर ३९८ खाली, इतिहास असेल तर ९५४ खाली हलवा. ३६४ मध्ये फक्त खरोखर कायदा-गुन्ह्याचा अभ्यास असलेलं राहू द्या.

सूचीत 'गुन्हेगार जमाती' असं विषयशीर्षक असेल तर ते 'विमुक्त जमाती' करा आणि समाजाचं स्वतःचं नावही जोडा. जुन्या इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकाचं मूळ नाव मात्र बदलू नका, ते पुराव्याचा भाग आहे. त्याच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवा: 'या पुस्तकातली वर्णनं त्या काळच्या सरकारी पूर्वग्रहांतून लिहिलेली आहेत.' चिठ्ठीचा मजकूर समितीला वाचून दाखवूनच छापा. सगळी दाखल पुस्तकं एका दिवसात तपासायचा हट्ट नको. सूचीत 'पारधी', 'बंजारा', 'लमाण', 'कैकाडी', 'वडार', 'टकारी', 'भामटा', 'जमाती' हे शब्द शोधले की सुरुवातीची यादी निघते.

त्याच कपाटात कागदपत्रांची माहिती देणारी एक फाइल ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याच्या पुराव्याची मानीव तारीख अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. त्या आधीचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, महसुली नोंद यांपैकी काय चालतं, ते कोणत्या कार्यालयात मिळतं आणि अर्ज कसा लिहायचा, एवढं मराठीत, मोठ्या अक्षरात एकेका पानावर ठेवा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून पारधी समाजाबद्दल काय काय प्रसिद्ध झालं आहे तेही विचारून मागवा. २००८ साली बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानं विमुक्त-भटक्यांवर दिलेला अहवाल छापील रूपात असायलाच हवा. ग्रंथालयानं अर्ज भरून देण्याचे पैसे घेऊ नयेत आणि दाखला मिळवून देण्याचं आश्वासनही देऊ नये. माहिती द्या, अर्ज वाचून दाखवा, झेरॉक्स काढून द्या, एवढं पुष्कळ आहे.

गाणी, गोष्टी आणि रेकॉर्डिंग

इथे सर्वांत जास्त सांभाळायचं. उत्साहाच्या भरात आपण मोबाइल पुढे धरतो, आणि दोन दिवसांत ते गाणं कुठल्या तरी चॅनेलवर असतं.

आधी कायदा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याकडे जातो आणि तो ६० वर्षं टिकतो. गाणाऱ्याला कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. म्हणजे काहीच लिहून ठेवलं नाही, तर आजीच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे मालक आपण ठरतो. ते योग्य नाही. 'समाज' हा या कायद्यात मालक म्हणून बसत नाही, म्हणून कागदावर त्या व्यक्तीचं, किंवा वस्तीतल्या नोंदणीकृत संस्थेचं नाव लागतं. करारनामा एका पानाचा करा: हक्क सांगणाऱ्याकडे, ग्रंथालयाकडे फक्त जपणुकीची प्रत, आणि ती कोणाला ऐकवायची याची मर्यादा.

मर्यादा चार पातळ्यांवर ठेवल्या तर सांभाळायला सोप्या जातात: घरापुरतं, समाजापुरतं, ग्रंथालयात बसून ऐकण्यापुरतं, सर्वांसाठी खुलं. काही गाणी बायकांनीच ऐकायची असतात, काही ठरावीक दिवसांतच म्हणायची असतात, देवीच्या काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. तेही त्या पानावर लिहा. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबर घडलेलं मुकुर्तू हे मोफत सॉफ्टवेअर याच विचारावर चालतं, म्हणजे कोणी काय पाहायचं ते समाज ठरवतो. आदिवासींना आपल्या सांस्कृतिक वारशावर ताबा असावा, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातल्या ३१ व्या कलमातही आहे. पण छोट्या ग्रंथालयाला चार रंगांच्या चार फायली आणि एक कुलूपबंद कपाट सुरुवातीला पुरतं.

संमती कागदावर घेण्याआधी तोंडी घ्या, आणि तीही रेकॉर्ड करा. बोलायचं असं:

'मावशी, तुम्ही सांगाल ते या मोबाइलमध्ये साठवून ठेवतोय. ते कोणी ऐकायचं हे तुम्ही ठरवायचं. नुसतं घरच्यांनी, का सगळ्या समाजानं, का कोणीही? उद्या मन बदललं तर सांगा, आम्ही पुसून टाकू. पण एकदा सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकलं तर मात्र परत घेता येत नाही, तेवढं लक्षात घ्या.'

तांड्यावर हेच बोलणं गोरबोलीत, तिथल्याच कोणीतरी 'याडी' (आई) म्हणून हाक मारून केलं, तर उत्तर मोकळेपणानं येतं. लगेच हो म्हटलं तरी आठवड्यानं पुन्हा विचारा. पहिला होकार बऱ्याचदा पाहुण्याचा मान राखण्यासाठी असतो.

पारध्यांच्या गोष्टींत शिकार येणारच. तितर, ससा, हरीण, फास कसा लावायचा, माळरानावर पक्ष्याची चाल कशी ओळखायची. हे ज्ञान मोलाचं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळच आहे. आजोबांच्या काळची हकीकत रेकॉर्ड करायला हरकत नाही, पण बोलता बोलता 'परवा आमच्या अमक्यानं' असं सुरू झालं की यंत्र तिथेच बंद करा आणि तेवढा भाग त्यांच्यासमोर पुसा. दारू, पोलीस केस, भांडणं यांचंही तेच. आपल्या हार्ड डिस्कवरचं बोलणं उद्या कोणाविरुद्ध पुरावा होता कामा नये. झाडपाल्याच्या औषधांची नेमकी कृती आणि जागा 'घरापुरतं' या पातळीवरच ठेवा, सांगणाऱ्यानं स्वतः वेगळं म्हटलं तरच पुढे न्या.

आता यंत्राचं. मोबाइल चालतो, पण एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येतो. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी निवड करा. एका माइकवर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला आणि जाड कापडावर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, झाडाखाली वारा माइकवर आदळतो. भिंतीच्या आडोशाला, गोधडी टाकून बसलेलं बरं. सुरुवातीला तारीख आणि क्रमांक बोलून घ्या. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, तारीख आणि क्रमांक पुरे. कोणाचं काय ते वेगळ्या वहीत. प्रती तीन: एक ग्रंथालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या इमारतीत. ऐकण्यासाठीची एमपीथ्री प्रत मेमरी कार्डवर घालून त्याच आठवड्यात सांगणाऱ्याच्या घरी पोचवा. रेकॉर्डिंग परत न देणं ही या कामातली सर्वांत जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

बोलीतली पुस्तकं

मोठ्या प्रकाशनाची वाट पाहू नका. चार ए-फोर कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की १६ पानांचं पुस्तक तयार होतं. एका पानावर दोन ओळी बोलीत, खाली त्याच मराठीत, आणि चित्रं वस्तीतल्या मुलांची. पहिल्या खेपेला पन्नास प्रती पुरतात. लिपी देवनागरीच वापरा.

चूक होते ती शुद्धलेखनात. मराठीचे शिक्षक मसुदा तपासायला घेतात आणि बोलीतली रूपं मराठीसारखी करून टाकतात. तसं करू देऊ नका. कसोटी एकच: गोष्ट सांगणारीला ती वाचून दाखवा, आणि दुसऱ्या घरातल्या दोन मुलांना मोठ्यानं वाचायला सांगा. तिघांनाही आपली भाषा ऐकू आली तर लेखन बरोबर. एकच शब्द दोन घरांत दोन तऱ्हांनी बोलला जात असेल तर दोन्ही छापा. लेखक म्हणून गोष्ट सांगणारीचं नाव, तिला चालत असेल तर, मुखपृष्ठावर घाला. 'संकलन' म्हणून ग्रंथालयाचं नाव शेवटच्या पानावर. तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या चित्रगोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, त्यांचा बोलीत अनुवाद करून छापता येतो. मूळ लेखक, चित्रकार आणि परवाना यांचा उल्लेख मात्र छापायला हवा.

काम थांबवायची वेळ आली तर

अनुदान लांबतं, सेवक बदलतो, मंडळ बदलतं. म्हणून सुरुवातीलाच समितीबरोबर एका कागदावर लिहून ठेवा की काम थांबलं तर काय कोणाचं. पेटी आणि पुस्तकं वस्तीची. रेकॉर्डिंगच्या सगळ्या प्रती आधी सांगणाऱ्यांना किंवा त्यांच्या वारसांना देऊ करायच्या, आणि त्यांनी सांगितलं तरच ग्रंथालयात एक प्रत ठेवायची. नावांची वही समितीसमोर फाडायची. थांबण्याआधी दोन महिने वस्तीत जाऊन तोंडी सांगायचं, शेवटचं मानधन चुकतं करायचं आणि पेटीची किल्ली सांभाळणारीच्या हातात द्यायची. कागदाची एक प्रत तिच्याकडे, एक ठरावाच्या फाइलमध्ये.